नामशेष : चित्रव्यवसायाविषयीच्या काही अभिजात चित्रपटांतील कीर्तीचे स्वरूप

१

कीर्तीविषयी बोलताना मराठी भाषा 'नाव' ह्या शब्दाचा आश्रय वारंवार घेते. मनुष्य नाव कमावतो, नाव काढतो, नावारूपास येतो. उलटपक्षी त्याचे नाव जाते, नावाला बट्टा लागतो, आणि लोक त्याला नावे ठेवतात. ह्यांपैकी शेवटचा वाक्प्रयोग विशेष विचार करण्याजोगा आहे. एकवचनात तो बहुधा बारशाचा विधी सांगतो, अनेकवचनात निंदेचा व्यापार. नामकरण आणि नालस्ती ह्या दोन क्रियांना भाषेने एकच क्रियापद द्यावे, ह्यात केवळ योगायोग पाहणे पुरेसे होणार नाही. दोन्ही क्रियांत नाव ज्याचे असते तो स्वतः कर्ता नसतो. कर्ते इतर असतात. ह्याच शब्दकुलातील 'नामशेष' हा शब्द तर अधिकच अर्थपूर्ण होय. ज्याचे केवळ नाव शेष राहिले आहे, म्हणजेच जे नष्ट झाले आहे, ते नामशेष. नाव उरणे म्हणजे अमर होणे, ही कीर्तीची लौकिक कल्पना; नावच तेवढे उरणे म्हणजे नाहीसे होणे, ही ह्या शब्दाने केलेली तिची दुरुस्ती.

चित्रव्यवसायानेच चित्रव्यवसायाविषयी निर्माण केलेल्या चित्रपटांचा विचार करताना ही दुरुस्ती उपयोगी पडते. हॉलिवूडमधील 'अ स्टार इज बॉर्न' (१९३७ व १९५४), 'सन्सेट बुलेव्हार' (१९५०) आणि 'सिंगिंग इन द रेन' (१९५२), तसेच आपल्याकडील 'कागज के फूल' (१९५९), 'नायक' (१९६६) आणि 'भूमिका' (१९७७) हे चित्रपट प्रस्तुत निबंधात विचारार्थ घेतले आहेत. ह्या चित्रपटांविषयी सामान्यतः असे सांगितले जाते की, ते कीर्तीची क्षणभंगुरता दाखवितात: आज टाळ्या, उद्या विस्मरण. हे विधान असत्य नाही, परंतु ते अपुरे आहे. कीर्ती जाते हेच जर तिचे सर्व वैगुण्य असेल, तर ती टिकल्यास तक्रारीस जागा उरू नये. परंतु 'नायक'मधील अरिंदम मुखर्जी कीर्तीच्या शिखरावर असतानाच नोटांच्या ढिगाऱ्यात बुडण्याचे स्वप्न पाहतो, आणि 'अ स्टार इज बॉर्न'च्या शेवटी नायिकेची कीर्ती अबाधित असूनही तिचे सर्वस्व गेलेले असते. तेव्हा कीर्तीतील दोष ती लोपण्यात नसून ती प्राप्त होण्याच्या प्रक्रियेतच कोठेतरी आहे, असे मानावे लागते. ही प्रक्रिया मुळात भाषिक स्वरूपाची आहे. प्रथम व्यक्तीचे नाव तिच्यापासून वेगळे केले जाते, मग आवाज, आणि अखेरीस स्वतःची हकीकत स्वतः सांगण्याचा अधिकार. ह्या तीन पायऱ्यांच्या क्रमाने पुढील विवेचन केले आहे.

२

'अ स्टार इज बॉर्न'चे १९३७ चे रूप विल्यम वेलमन ह्याने दिग्दर्शित केले. १९५४ चे जॉर्ज क्यूकर ह्याने. कथेचा सांगाडा दोन्हींत तोच आहे. एस्थर ब्लॉजेट नावाची एक सामान्य मुलगी नॉर्मन मेन ह्या मद्यासक्त, उतरणीस लागलेल्या नटाच्या साहाय्याने चित्रसृष्टीत येते, त्याच्याशी विवाहबद्ध होते, आणि ती वर चढत असताना तो खाली जातो. तिने आपल्यासाठी सर्व काही सोडण्याचे ठरविले आहे हे कानी पडताच तो समुद्रात शिरून स्वतःचा अंत करून घेतो.

ह्या कथेतील नामकरणाचा प्रसंग दोन्ही चित्रपटांत आहे, आणि त्यांतील फरक उद्बोधक आहे. १९३७ च्या चित्रपटात स्टुडिओचे अधिकारी नायिकेच्या मूळ नावाची अक्षरे उलटसुलट करून, एखाद्या वस्तूच्या वेष्टनासाठी नाव शोधावे त्याप्रमाणे, 'व्हिकी लेस्टर' हे नाव तयार करतात. नायिका समोरच असते, पण चर्चा तिच्याविषयी चालते, तिच्याशी नव्हे. १९५४ च्या चित्रपटात एवढेही सौजन्य उरलेले नाही. तेथे तिला आपले नवे नाव कळते ते पगाराच्या खिडकीपाशी. ज्या अक्षराच्या रांगेत ती उभी असते तेथे तिचे पाकीट नसते. ते दुसऱ्या अक्षराखाली लावलेले असते. बारसे झाले, पण जिचे झाले तिला वार्ता नाही. हा प्रसंग हसत हसत दाखविलेला आहे, आणि म्हणूनच तो अधिक खोल जातो. नाव ही आता हाक मारण्याची सोय राहिलेली नसून हिशेबाच्या वहीतील नोंद झाली आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. नाव बदलणे ही स्वतःहून काही हानी नव्हे. मराठी वाङ्मयात केशवसुत, बालकवी, कुसुमाग्रज ही घेतलेली नावेच आहेत. राम गणेश गडकऱ्यांनी कवितेसाठी 'गोविंदाग्रज' आणि विनोदासाठी 'बाळकराम' अशी दोन नावे वापरली, आणि त्यांच्या मूळ नावाला त्यामुळे कोणतीही इजा झाली नाही. आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर देताना भेद स्पष्ट होतो. गडकऱ्यांची नावे त्यांच्या हाती होती. कोणते केव्हा घ्यावे आणि केव्हा उतरवून ठेवावे हे ते ठरवीत. व्हिकी लेस्टर हे नाव जिला मिळाले तिला ते उतरविता येत नाही, कारण ते तिने घातलेले नाही. टोपणनाव आणि चित्रनाम ह्यांतील भेद शब्दरचनेचा नसून मालकीचा आहे.

चित्रपटाचा प्रसिद्ध शेवट ह्या दृष्टीने पुन्हा पाहावा लागतो. पतीच्या मृत्यूनंतर नायिका प्रथमच प्रेक्षकांसमोर येते आणि आपली ओळख व्हिकी लेस्टर म्हणून न देता 'मिसेस नॉर्मन मेन' म्हणून देते. प्रेक्षक उठून उभे राहतात. ह्या क्षणाचे वर्णन बहुधा निष्ठेचा विजय असे केले जाते: कीर्तीचे खोटे नाव टाकून तिने प्रेमाचे खरे नाव स्वीकारले. परंतु चित्रपटानेच पेरून ठेवलेला एक तपशील ह्या अर्थाला सुरुंग लावतो. ह्या दोघांचा विवाह एका लहानशा गावी, प्रसिद्धीपासून दूर, त्यांच्या मूळ नावांनी होतो; आणि तेथे कळते की 'नॉर्मन मेन' हेही त्याचे खरे नाव नव्हे. १९५४ च्या चित्रपटात तो अर्नेस्ट सिड्नी गबिन्स आहे. म्हणजे ज्या नावात ती स्वतःला विलीन करते ते नावही त्याच कारखान्यात घडलेले. एका चित्रनामातून सुटून ती दुसऱ्या चित्रनामात शिरते. एस्थर ब्लॉजेट आणि गबिन्स ह्या दोन माणसांचा संसार कोणत्याच नावाने शेष राहत नाही.

विवाहप्रसंगी वधूचे नवे नाव ताटातील तांदळांत लिहिण्याची चाल ज्या समाजाने पाळली, त्या समाजातील वाचकाला ह्या दृश्याचा आणखी एक पदर जाणवल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडे स्त्रीचे नाव बदलणे हा कुटुंबाचा अधिकार मानला गेला. तेथे प्रथम स्टुडिओने तो बजावला आणि मग पत्नीधर्माने. नायिकेच्या बाजूने पाहता दोन्ही वेळी प्रेक्षक टाळ्या वाजवितात. उलट नॉर्मन मेनला, घरी पार्सल घेऊन आलेला मनुष्य 'मिस्टर लेस्टर' म्हणतो, तेव्हा ते चित्रपटात असह्य मानहानी म्हणून येते. स्त्रीने पतीचे नाव घेणे उदात्त आणि पुरुषाला पत्नीचे नाव मिळणे लज्जास्पद, हा विषम न्याय चित्रपट दाखवितो, पण तपासत नाही. ही त्याची मर्यादा होय.

१९५४ च्या चित्रपटात ही भूमिका करणारी जूडी गार्लंड जन्माने फ्रान्सिस गम होती, आणि पोरवयातच ती रंगभूमीवर व नंतर स्टुडिओत आली होती. नाव हरवलेल्या मुलीचे काम तिने केले ते अनुभवाने, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. त्याचे कारण पुढे येईल. प्रदर्शनानंतर कंपनीने ह्या चित्रपटातून सुमारे अर्ध्या तासाचा भाग कापून टाकला, आणि त्याची शक्य तितकी पुनर्रचना १९८३ मध्ये झाली, एवढे मात्र येथे नोंदविणे प्रस्तुत आहे. व्यक्तीच्या नावाची काटछाट दाखविणाऱ्या कृतीचीही त्याच व्यवसायाने काटछाट करावी, ही घटना स्वतःच बोलकी आहे.

३

नावानंतर आवाज. १९२७ मध्ये 'द जाझ सिंगर' प्रदर्शित झाला आणि थोड्याच वर्षांत मूकपटांचा काळ संपला. एका संपूर्ण पिढीची कीर्ती जिच्यावर उभी होती ती भाषा, म्हणजे चेहऱ्याची व हातवाऱ्यांची भाषा, अकस्मात मृत झाली. भाषा मरते तेव्हा तिच्या शेवटच्या भाषकाचे काय होते, हा भाषाशास्त्रापुढील प्रश्न आहे. 'सन्सेट बुलेव्हार' आणि 'सिंगिंग इन द रेन' हे दोन चित्रपट त्याला परस्परविरुद्ध उत्तरे देतात.

स्टॅन्ली डोनेन आणि जीन केली ह्यांचा 'सिंगिंग इन द रेन' हा आनंदी चित्रपट समजला जातो, आणि तो आहेही. त्यातील लीना लॅमाँट ही मूकपटांची सम्राज्ञी दिसण्यात देवता आणि बोलण्यात बाजारातली; तिचा कर्कश सूर व अशिष्ट उच्चार हा विनोदाचा मुख्य विषय. उच्चार सुधारण्यासाठी शिक्षिका नेमली जाते, पण व्यर्थ. अखेर केथी सेल्डन ह्या नवख्या मुलीचा आवाज लीनाच्या ओठांवर बसविला जातो. आणि शेवटी पडदा वर ओढून खरा आवाज कोणाचा हे प्रेक्षकांस दाखविले जाते. न्याय झाला, सर्व संतुष्ट.

परंतु ह्या न्यायाची परीक्षा चित्रपटाच्या निर्मितीनेच घेतली आहे. केथी लीनाच्या वतीने संवाद म्हणते असे जे दृश्य आहे, त्यात ऐकू येणारा सुसंस्कृत आवाज केथीचे काम करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्सचा नसून, लीनाचे काम करणाऱ्या जीन हेगनचा स्वतःचा आहे. शिवाय रेनॉल्ड्सच्या तोंडी असलेले काही गायनही बेटी नॉइझ ह्या गायिकेचे आहे, आणि श्रेयनामावलीत तिचा उल्लेख नाही. पडद्यामागच्या आवाजाला त्याचे नाव मिळवून देणारी कथा, पडद्यामागच्या आवाजाचे नाव दडवून सांगितली गेली. ह्यात निर्मात्यांचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही; ती त्या काळची रीतच होती. पण रीत होती हेच महत्त्वाचे. ज्या अन्यायाला चित्रपट एका खलनायिकेचा स्वभावदोष म्हणून दाखवितो, तो वस्तुतः व्यवसायाचा नित्यक्रम होता.

लीनाचे चित्रणही ह्या प्रकाशात पुन्हा न्याहाळावे लागते. नायकाचे आपल्यावर प्रेम आहे असे ती मानते, आणि तिचा आधार म्हणजे चित्रपटविषयक मासिकांत तसे छापून आलेले असते. हा प्रसंग तिच्या मूर्खपणाचा म्हणून हशा मिळवितो. परंतु ती मासिके स्टुडिओच्या प्रसिद्धीखात्याच्याच इच्छेने तसे छापीत होती. ज्यांनी खोटे रचले ते हुशार, आणि जिने ते खरे मानले ती एकटी मूर्ख, असा हा हिशेब आहे.

बिली वाइल्डर ह्याचा 'सन्सेट बुलेव्हार' हा हिशेब उलटा मांडतो, आणि म्हणूनच ह्या परंपरेतील तो सर्वांत निर्भय चित्रपट ठरतो. नॉर्मा डेस्मंड ही पन्नाशीची मूकपटनटी आपल्या प्रासादात स्वतःच्याच छायाचित्रांच्या गराड्यात राहते. जो गिलिस हा कर्जबाजारी पटकथालेखक तिच्या आश्रयास येतो, आणि तिच्या हातून मारला जातो. 'नामशेष' हा शब्द जणू नॉर्मासाठीच घडला असावा. तिचे नाव शेष आहे. पण ते ओळखणारी माणसे मोजकी उरली आहेत. स्टुडिओच्या दारावरील तरुण पहारेकऱ्याला ती कोण हे ठाऊक नाही, म्हाताऱ्याला आहे. आत गेल्यावर एक जुना प्रकाशयोजक तिच्यावर दिव्याचा झोत टाकतो, आणि क्षणभर माणसे तिच्याभोवती जमतात; दिवा फिरविला जातो, माणसे पांगतात. ह्याच प्रसंगात ध्वनिग्राहक यंत्राचा दांडा तिच्या टोपीच्या पिसाला घासून जातो आणि ती तो बाजूस ढकलते. एका मृत भाषेच्या भाषकाने जिवंत भाषेला दिलेला हा नकार वाइल्डरने एका हालचालीत बसविला आहे.

तिला स्टुडिओकडून बोलावणी येत असतात, ती तिच्यासाठी नसतात. एका चित्रपटासाठी तिची जुनी मोटार भाड्याने हवी असते. दररोज येणारी चाहत्यांची पत्रे कोणा चाहत्याची नसतात. ती तिचा नोकर माक्स लिहीत असतो. हा माक्स एकेकाळचा तिचा दिग्दर्शक आणि पहिला पती. येथे चित्रपट आपल्या मर्मस्थानी येतो. नॉर्माला वेड तिच्या गर्वाने लावलेले नाही, निदान केवळ गर्वाने नाही. तिच्या नावाला प्रत्युत्तर देणारा समाज नाहीसा झाल्यावर, त्या समाजाचा खोटा आवाज कोणीतरी प्रेमाने चालू ठेवला. हाकेला ओ देणारा नसताना ओ ऐकू येत राहिली. माक्सचे हे प्रेम आणि प्रसिद्धीखात्याची फसवणूक ह्यांची साधने एकच आहेत, ही गोष्ट वाइल्डर कोणतेही भाष्य न करता दाखवितो.

शेवटच्या दृश्यात वृत्तपटांचे कॅमेरे एका खुनी स्त्रीचे चित्रण करण्यास येतात. माक्स त्यांच्यामागे उभा राहून दिग्दर्शकाप्रमाणे सूचना देतो, आणि नॉर्मा आपण 'सालोमे'च्या चित्रीकरणात आहोत अशा समजुतीने जिना उतरते. ती पुढे पुढे येत राहते, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, चित्र अस्पष्ट होईपर्यंत. त्या काळोखात बसलेले, आजवर तिच्यावर हसलेले वा तिची कीव केलेले सर्वजण, म्हणजे प्रेक्षक, तिच्या कल्पनेत तिचा प्रेक्षकवर्ग होतात. आणि ते तसे खरोखरच असतात. ह्यापूर्वीच्या कोणत्याही हॉलिवूडपटाने प्रेक्षकाला इतक्या सरळपणे साक्षीदाराच्या जागेवरून उचलून आरोपीच्या जागी बसविले नव्हते.

तथापि ह्या चित्रपटालाही एक हिशेब द्यावयाचा राहतो. नॉर्माचे काम ग्लोरिया स्वॉन्सनने केले, माक्सचे एरिक फॉन स्ट्रोहाइमने. नॉर्मा घरी जो जुना चित्रपट पाहते तो 'क्वीन केली', स्ट्रोहाइमने स्वॉन्सनला घेऊन सुरू केलेला आणि १९२९ मध्ये अर्धवट थांबलेला. पत्त्यांच्या डावाला बसलेल्या म्हाताऱ्या सोबत्यांत बस्टर कीटन स्वतःच्याच रूपात बसला आहे. ह्या माणसांनी आपल्या भूतकाळाचे भांडवल स्वखुशीने दिले, हे खरे. परंतु चित्रपटाची धार त्यांच्या खऱ्या नावांवरच पाजळलेली आहे, हेही तितकेच खरे. मोटार भाड्याने मागणाऱ्या स्टुडिओवर टीका करणाऱ्या चित्रपटाने चेहरे भाड्याने घेतले. वाइल्डरचा मोठेपणा असा की, हा विरोध त्याने लपविला नाही.

४

तिसरा प्रश्न कथनाधिकाराचा: स्वतःविषयी बोलण्याचा अधिकार कोणास राहतो? 'सन्सेट बुलेव्हार'ची कथा तरणतलावात तरंगणारे जो गिलिसचे प्रेत सांगते. पोटासाठी इतरांच्या कथा लिहिणाऱ्या लेखकाला स्वतःची कथा सांगण्याची मुभा मेल्यावर मिळते. 'कागज के फूल'चा आरंभही ओसाड स्टुडिओत परतलेल्या वृद्ध दिग्दर्शकाच्या स्मरणाने होतो. परंतु सुरेश सिन्हा बोलत नाही, तो आठवतो. त्याच्या वतीने कॅमेरा बोलतो, प्रकाशाचे झोत बोलतात. व्ही. के. मूर्ती ह्यांचे छायाचित्रण असलेल्या ह्या चित्रपटात, भारतातील ह्या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटात, रुंद पडद्याचा उपयोग मुख्यतः माणसाच्या बाजूची रिकामी जागा दाखविण्यासाठी केला आहे.

गुरु दत्त ह्यांच्या ह्या चित्रपटात 'बदनामी'चे व्याकरण दाखविले आहे. शांती ही अनोळखी तरुणी दिग्दर्शकाचा कोट परत देण्यास स्टुडिओत येते, चुकून चित्रणाच्या चौकटीत शिरते, आणि त्या चुकीतून तिची 'पारो' होते. तिने कीर्तीचा दरवाजा ठोठावलेला नाही. ती चौकटीत सापडली. पुढे दोघांची नावे जोडली जातात, आणि ह्या जोडणीची शिक्षा भोगते दिग्दर्शकाची शाळकरी मुलगी, जिला वर्गातील मुली चिडवितात. नाव एकाचे, घाव दुसऱ्याला. हॉलिवूडच्या चित्रपटांत कीर्तीचे बळी स्वतः कीर्तिमान असतात. येथे बळींचे वर्तुळ कुटुंबापर्यंत पसरते, आणि हे अधिक खरे आहे. मात्र सुरेशच्या दारूला व त्याच्या मौनाला चित्रपट जी करुण प्रतिष्ठा देतो, ती शांतीच्या त्यागाला देत नाही. ती खेडेगावी शिक्षिका होऊन राहते, कराराच्या दडपणाने परत येते, पण तिचे मन तिच्या मुखातून फारसे ऐकू येत नाही.

'कागज के फूल' चालला नाही, आणि त्यानंतर गुरु दत्त ह्यांनी दिग्दर्शक म्हणून आपले नाव कोणत्याही चित्रपटास दिले नाही. १९६४ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. तेव्हापासून ह्या चित्रपटाकडे आगाऊ लिहिलेले मृत्युपत्र म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. ही प्रथा अभ्यासकाने टाळावी. सुरेश सिन्हा म्हणजे गुरु दत्त, नॉर्मा म्हणजे स्वॉन्सन, एस्थर म्हणजे गार्लंड, ही समीकरणे मांडताना समीक्षक नकळत प्रसिद्धीखात्याचेच काम करतो. जे नाव व्यक्तीपासून वेगळे करून भूमिकेला चिकटविले गेले, तेच तो भूमिकेकडून घेऊन पुन्हा व्यक्तीवर चिकटवितो. कलाकृतीने जो रोग दाखविला त्याची लागण तिच्या समीक्षेला व्हावी, हे इष्ट नव्हे.

सत्यजित राय ह्यांच्या 'नायक'मध्ये ह्या प्रश्नाचे सर्वांत सभ्य उत्तर सापडते. पारितोषिक घेण्यासाठी कलकत्त्याहून दिल्लीस निघालेला नट अरिंदम आगगाडीत अदिती ह्या स्त्रीमासिकाच्या संपादिकेस भेटतो. तिला मुलाखत हवी आहे. तो हळूहळू बोलू लागतो: ज्या शंकरदांनी चित्रपटात जाऊ नकोस असे सांगितले ते, ज्या वृद्ध नटाने आरंभी अपमान केला आणि पुढे जो काम मागण्यास दारी आला तो मुकुंद लाहिरी, आणि त्याला दिलेला नकार. अदिती प्रथम चोरून टिपणे घेते. पण रात्री, मद्याच्या अंमलाखाली, तो एका स्त्रीविषयी सर्व काही सांगून टाकू पाहतो तेव्हा ती त्याला थांबविते. दुसऱ्या दिवशी ती टिपणे फाडून टाकते. स्थानकावर पुष्पहार घेऊन गर्दी जमलेली असते. काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढतो, आणि ती गर्दीतून निघून जाते.

टिपणे फाडण्याची ही कृती भावविवशतेची नाही. अरिंदमने अदितीला जे सांगितले ते संवाद होते. तेच छापले असते तर मजकूर झाले असते. शब्द तेच, पण ऐकणारा बदलला असता. रात्रभराच्या त्या प्रवासात तो कोणाचा तरी 'तू' झाला होता. छापून आल्यावर तो पुन्हा सर्वांचा 'तो' झाला असता. कीर्तीने तृतीयपुरुषी केलेल्या माणसाला एका रात्रीपुरता द्वितीय पुरुष परत मिळाला, एवढाच रायांचा दिलासा आहे, आणि तो त्यांनी फुगविलेला नाही. सकाळ होते, गाडी पोचते, व्यवस्था जशी होती तशी राहते.

५

उरतो तो प्रथम पुरुष. तो मराठीत सापडतो. हंसा वाडकर ह्यांनी अरुण साधू ह्यांना कथन केलेले आत्मचरित्र 'सांगत्ये ऐका' १९७० मध्ये ग्रंथरूपाने आले. हे शीर्षक त्यांच्या १९५९ च्या गाजलेल्या तमाशापटाचे; ते त्यांनी स्वतःच्या जीवनासाठी परत घेतले. ह्या दोन शब्दांची व्याकरणिक घडण पाहण्यासारखी आहे. 'सांगत्ये' हे बोलीतील स्त्रीलिंगी वर्तमानकालीन रूप; कर्ता उच्चारलेला नाही, पण पुढील शब्दाच्या संगतीने तो प्रथमपुरुषीच ठरतो. 'ऐका' हे अनेकवचनी आज्ञार्थी. म्हणजे बोलणारी स्त्री, ऐकणारा समाज, आणि आज्ञा बोलणारीची. रतन साळगावकर ह्या मुलीची 'हंसा वाडकर' झाली ती तिच्या इच्छेने नव्हे. परंतु ह्या क्रियापदाला कोणतेच नाव लागत नाही, आणि म्हणून ते कोणी बदलू शकत नाही. नाव दुसरे ठेवतात. 'मी' मात्र ज्याचा त्यालाच उच्चारावा लागतो.

श्याम बेनेगल ह्यांचा 'भूमिका' ह्याच आत्मचरित्रावर आधारलेला आहे, आणि स्मिता पाटील ह्यांच्या अभिनयाने तो मोठा झाला आहे. घरची उषा पडद्यावर उर्वशी होते. तिच्या कमाईवर केशव दळवी, तिचा पती, जगतो; करार तोच करतो. कीर्तीमुळे तिचे घर मोडले असे येथे म्हणता येत नाही, कारण घर मुळातच तिच्या कीर्तीचे दुकान आहे. सन्मानाने गृहिणी व्हावे म्हणून ती विनायक काळे ह्या जमीनदाराच्या घरी जाते, तर तेथे उंबरठा ओलांडण्याची बंदी. सुटका करण्यास येतो तो केशवच, पोलिसांसह. हॉलिवूडच्या चित्रपटांनी कीर्तीला घराचा पर्याय उभा केला: तेथे खोटे नाव, येथे खरे प्रेम. 'भूमिका' हा पर्याय मोडून काढतो. घर आणि स्टुडिओ ह्या दोहोंत तिला भूमिकाच मिळते. मराठीत 'भूमिका' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत: नटाने वठविलेले पात्र, आणि एखाद्या प्रश्नावर माणसाने घेतलेला पवित्रा. पहिल्या अर्थाच्या असंख्य भूमिका केल्यावर उषा शेवटी दुसऱ्या अर्थाने एक भूमिका घेते. ती कोणाकडेच परत जात नाही. तिला मिळते ते एकटेपण, पण ते तिने निवडलेले असते.

एक गोष्ट मात्र चित्रपटाला साधलेली नाही. आत्मचरित्रातील क्रियापद येथे नाम झाले. 'सांगत्ये' म्हणणारी स्त्री हिंदी चित्रपटात पाहिली जाते, ऐकली जाते ती कमी. कॅमेरा सहृदय आहे. तरीही तो तृतीयपुरुषीच आहे. ह्यात बेनेगलांचा दोष नाही. ती त्या माध्यमाचीच सीमा असावी. परंतु म्हणूनच मराठीच्या अभ्यासकाने चित्रपटावर न थांबता त्या पुस्तकाकडे परत गेले पाहिजे.

६

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. चित्रव्यवसायाविषयीच्या अभिजात चित्रपटांत कीर्तीची काळी बाजू म्हणून मद्य, वार्धक्य, गर्व आणि विस्मरण ह्यांचे चित्रण येते. ही लक्षणे होत. मूळ विकार नव्हे. मूळ विकार असा की, कीर्ती व्यक्तीचे नाव, आवाज आणि कथन ही तिची स्वाभाविक भाषिक मालमत्ता तिच्यापासून वेगळी करते, आणि तिला स्वतःच्याच जीवनात तृतीय पुरुष बनविते. जे चित्रपट दोष व्यक्तीच्या स्वभावावर टाकतात, ते अखेरीस व्यवसायाला निर्दोष सोडतात; 'सिंगिंग इन द रेन' हे त्याचे रम्य उदाहरण. जे दोष व्यवस्थेत पाहतात ते प्रेक्षकालाही सोडीत नाहीत. 'सन्सेट बुलेव्हार' आणि 'भूमिका' त्यांपैकी होत. 'अ स्टार इज बॉर्न' ह्या दोहोंच्या मध्ये उभा आहे. त्याला सत्य दिसले होते, पण त्याने त्यावर टाळ्यांचा पडदा ओढला.

प्रेक्षक, वाचक आणि समीक्षक हे सर्वच नाव ठेवणारे असतात, दोन्ही अर्थांनी. ते टाळता येण्यासारखे नाही. परंतु एखाद्या रात्री आगगाडीच्या डब्यात समोरचा मनुष्य बोलू लागला, तर टिपणवही केव्हा मिटावी, हे मात्र शिकता येण्यासारखे आहे.